दोन कॉफ्या, एक क्रोसाँ, एक टोस्ट, एक लोफ: १६८२ रुपये

वांद्र्यातल्या नव्या धाटणीच्या बेकरीत शनिवारी सकाळी दोघांनी जायचं तर खिशात किती ठेवावेत? एक कॅपुचिनो २५०, एक पोअर-ओव्हर ३२०, दोघांत मिळून एक क्रोसाँ २२०, एक अव्होकाडो टोस्ट ४५०. झाले १२४०. त्यावर पाच टक्के जीएसटी ६२, म्हणजे १३०२. निघताना काउंटरवरचा सावरडोचा लोफ खुणावतोच, तो ३८०. एकूण १६८२. रिक्षा वेगळी.

हे भाव कुठल्या एका दुकानाचे नाहीत. वांद्रे, खार, काळा घोडा या भागांतल्या अशा बेकऱ्यांच्या फळ्यांवर सध्या जे आकडे दिसतात, त्यांच्या मधले धरले आहेत. कॅपुचिनो साधारण २०० ते ३००, पोअर-ओव्हर २५० ते ४००, साधा क्रोसाँ १६० ते २८०, लोफ २५० ते ४५०. पुण्यात कोरेगाव पार्क किंवा बाणेरला थोडं कमी धरा, फार नाही.

या यादीतला लोफ महाग दिसतो, पण पैसे वसूल करतो. पोअर-ओव्हर एकदा तिथं बसून प्यावी, पुढच्या वेळी घरी करावी. क्रोसाँचं सगळं गणित घड्याळावर. आणि टोस्ट? तो मी मागवत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी जायचं कसं ते. चॅपल रोड, रानवर, हिल रोड या पट्ट्यात गाडी घेऊन जाणं म्हणजे पार्किंगच्या शोधात क्रोसाँ गार होऊ देणं. लोकलने वांद्रे, पश्चिमेला उतरून रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, ते पहिल्या दीड किलोमीटरला. तीस-चाळीस रुपयांत पोचता. याच चॅपल रोडवर ‘मेरी लॉज’ नावाच्या जुन्या घरात २०२० मध्ये ‘सुब्को’ या कॉफी-बेकरीने कॉफी भाजणं आणि पाव भाजणं एका छपराखाली आणलं. शनिवार-रविवारी दहानंतर अशा ठिकाणी नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत गेलात तर जागाही मिळते आणि ट्रेमध्ये मालही भरलेला असतो. वाट बघण्यात वेळ जाणारच असेल तर हिल रोडवर ‘हर्श बेकरी’ आहे, तिथला चिकन बन उभ्याउभ्या खाऊन होतो आणि खिशाला जाणवतही नाही.

आता काउंटर. नवख्या माणसाचा गोंधळ इथंच होतो, कारण पाटीवर नाचणी सावरडो, ज्वारी लोफ, खपली, चारकोल, पोई, बाब्का, फोकाचा असं सगळं एका रांगेत लिहिलेलं असतं आणि मागे दहा माणसं खोळंबलेली असतात.

सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, पीठ-पाण्याच्या जिवंत खमिराने फुगवलेला पाव. घरात विरजण जसं रोज राखून ठेवतात तसं हे खमीर बेकरीवाले रोज ताजं पीठ-पाणी घालून जगवतात. मळलेलं पीठ चार-सहा तास बाहेर फुगतं, मग हाताने आकार देऊन रात्रभर फ्रीजमध्ये, बारा-पंधरा तास, आणि सकाळी भट्टीत. सहाशे ग्रॅमच्या लोफला सुमारे चारशे ग्रॅम पीठ लागतं. चांगलं पीठ शंभर रुपये किलोचं धरलं तरी पिठाचे चाळीसच रुपये. मीठ आणि पाणी मोजायलाच नको. उरलेले ३४० जातात कुठे? हाताने आकार देणाऱ्या माणसाच्या पगारात, रात्रभर चालणाऱ्या फ्रीजच्या विजेत, वांद्र्याच्या भाड्यात, संध्याकाळी न खपलेल्या लोफमध्ये आणि अर्थात नफ्यात. ही लूट नाही. पण पिठासाठी आपण पैसे मोजत नाही, वेळेसाठी मोजतो, हे कळलं की काय विचारायचं तेही कळतं.

पहिला प्रश्न: यात वेगळं यीस्ट घालता का? खऱ्या सावरडोच्या घटकांत पीठ, पाणी आणि मीठ एवढंच असायला हवं. वर बिया किंवा ऑलिव्ह असतील तर ते. यीस्ट घालून दोन-तीन तासांत फुगवलेला पाव वाईट नसतो, पण मग त्याला रात्रभराचे पैसे का द्यायचे? दुसरा प्रश्न: वजन किती? पाटीवर ते क्वचित असतं. ३८० रुपयांना सहाशे ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅमला ६३ रुपये. त्याच पैशात चारशे ग्रॅमचा लोफ हातात आला तर दर ९५ वर गेला. चारशे ग्रॅमचा पाकिटातला गव्हाचा ब्रेड पन्नास-साठ रुपयांत येतो, त्याचा दर पडतो पंधराच्या आत. तुलना पावाच्या जातीची नाही, निदान आपण किती पट देतोय ते माहीत असावं म्हणून.

तिसरा प्रश्न धान्याचा, आणि महाराष्ट्रातल्या ग्राहकाने तो विचारलाच पाहिजे. ज्वारीत आणि नाचणीत ग्लुटेन नसतं. म्हणजे चिकाटी नसते, म्हणजे नुसत्या ज्वारीच्या पिठाचा असा उंच, जाळीदार पाव उभाच राहत नाही. पाटीवर ‘ज्वारी सावरडो’ लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा मोठा वाटा गव्हाचा किंवा मैद्याचाच असतो आणि ज्वारी मागून येते. टक्केवारी विचारा. चांगला बेकर चटकन सांगतो, त्याला ते पाठच असतं. भाकरीच्या ज्वारीसाठी जादा ऐंशी रुपये देण्यात अर्थ आहे का, ते मग तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर नाही. खपलीचं वेगळं आहे. तो गहूच आहे, जुन्या जातीचा. त्यात ग्लुटेन असतं, फक्त ते नाजूक असतं, त्यामुळे खपलीचा पाव थोडा बसका होतो. चवीला मात्र तो गोडसर, दाणेदार लागतो, आणि साजूक तुपाबरोबर खाल्ला तर मैद्याच्या सावरडोपेक्षा मला कितीतरी उजवा वाटतो. खपलीचं पीठ मुळातच महाग असल्याने तिथं जादा पैसे देण्यात तथ्य आहे. ज्यांना सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार आहे त्यांच्यासाठी यातलं काहीच नाही. सावरडो आंबवलेला असल्यामुळे चालतो, असं कुणी काउंटरवरून सांगितलं तरी ऐकू नका.

चारकोलचा काळाकुट्ट पाव फोटोपुरता. त्याला वेगळी चव नसते, आणि त्यातला सक्रिय कोळसा पोटात औषधं शोषून घेतो. रोजच्या गोळ्या चालू असतील तर तो टाळाच.

पोईबद्दल एक सांगायला हवं. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत दारात आणतो ती कोंड्याची, आतून पोकळ पोई आणि इथल्या ताटलीत सँडविच होऊन साडेतीनशेला येणारी पोई यांचं नातं नावापुरतंच आहे. गोव्याच्या आठवणीसाठी मागवणार असाल तर नका मागवू. सँडविच म्हणून बरी असते.

आणि जाता जाता, ज्याच्याशी आपण मनातल्या मनात तुलना करत असतो तो चार-पाच रुपयांचा लादी पावही आहे त्या भावात किती दिवस राहील सांगता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी ते योग्यच. पण भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या बेकरीवाल्याला झेपणं सोपं नाही.

क्रोसाँ. त्यात लोण्याची चादर पिठात गुंडाळून लाटायची, तिपदरी घडी घालायची, थंड करायची, पुन्हा लाटायची. अशा तीन घड्या घातल्या की लोण्याचे २७ थर होतात. मुंबईच्या उकाड्यात लोणी वितळलं की थर एकमेकांत मिसळतात आणि सगळं फुकट, म्हणून लाटायची खोली दिवसभर एसीत ठेवावी लागते. ऐंशी ग्रॅमच्या क्रोसाँत साधारण वीस ग्रॅम लोणी. सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरल्यावर अमूल बटरच्या शंभर ग्रॅमची किंमत ६२ वरून ५८ झाली; त्या भावाने एका क्रोसाँतलं लोणी बारा रुपयांचं. परदेशी बिनमिठाचं लोणी असेल तर तिप्पट-चौपट धरा. तरीही पन्नासच्या आत. बाकी सगळं एसी, कारागीर आणि तीन दिवसांचं काम.

म्हणून क्रोसाँ खायचा तो सकाळी, भट्टीतून निघाल्यावर दोन-तीन तासांच्या आत. दमट हवेत दुपारपर्यंत त्याचा पापुद्रा मऊ पडतो आणि २२० रुपयांचा बन हातात येतो. चारनंतर मागवायचाच असेल तर गरम करून द्यायला सांगा, पण मायक्रोवेव्हमध्ये नको म्हणून स्पष्ट सांगा. बदामाचा क्रोसाँ साध्यापेक्षा साठ-सत्तर रुपयांनी महाग असतो. त्याची पारंपरिक रीतच अशी की कालचे उरलेले क्रोसाँ साखरपाण्यात भिजवायचे, आत बदामाचं सारण भरायचं आणि पुन्हा भाजायचे. यात फसवणूक नाही, फ्रान्समध्येही हेच करतात, आणि लागतोही झकास. पण ‘ताजा आहे का’ हा प्रश्न तिथं विचारण्यात अर्थ नाही. ठेचा, पोडी, चिकन सुक्का भरलेले प्रकार हौसेने एकदा खावेत. बेकरी चांगली की नाही हे साध्या क्रोसाँवरूनच कळतं; सारण भरलं की पापुद्र्याचे दोष झाकले जातात.

कॉफीत फळ्यावर नावं जास्त आणि माहिती कमी. पोअर-ओव्हर म्हणजे कागदी गाळणीत पूड घालून वरून हळूहळू गरम पाणी ओतलेली काळी कॉफी. साधारण पंधरा ग्रॅम पूड, २४० मिलिलिटर पाणी. चिकोरी नसते, दूध नसतं, साखर घालू नये अशी अपेक्षा असते (घालायची असेल तर खुशाल घाला, पैसे तुमचे आहेत). बिया चिकमगळूर, कूर्ग किंवा अराकूच्या असतात. या तिन्ही ठिकाणच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, पण या फळ्यांवर तिचं नाव शोधत बसू नका. ‘स्पेशालिटी’ हा शब्द नुसता मिरवायचा नाही: परीक्षकांनी शंभरपैकी किमान ऐंशी गुण दिलेल्या कॉफीला तो लावतात.

हिशेब असा. अशाच बियांचं २५० ग्रॅमचं पाकीट तिथल्याच शेल्फवर ४५० ते ७०० रुपयांना असतं. ५५० चं धरलं तर एका कपाची पूड ३३ रुपयांची, आणि पाकिटात सोळा कप. फळ्यावर तोच कप ३२०. म्हणून पहिल्यांदा तिथं प्यावी, बनवणाऱ्याला पाण्याचं तापमान आणि वेळ विचारावी, आवडली तर पाकीट घेऊन यावं. पूड तिथंच दळून मागा, सहसा पैसे घेत नाहीत. घरी दक्षिणी फिल्टर आहे की कागदी गाळणी, ते मात्र सांगा, दळण त्यावर ठरतं. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. महिन्याच्या आतली असेल तर घ्या. तारीखच छापलेली नसेल तर पाकीट परत शेल्फवर.

दुधाच्या कॉफीत गोंधळ कमी असतो. कॅपुचिनो, फ्लॅट व्हाइट, लाटे यांत मुख्य फरक दुधाच्या प्रमाणाचा आणि फेसाचा. ओटचं किंवा बदामाचं दूध मागितलंत तर पन्नास ते नव्वद रुपये जादा, आणि ते आधी कुणी सांगत नाही. कोल्ड ब्रू बारा-अठरा तास गार पाण्यात मुरवलेली असते, कडू कमी लागते. पण पेल्यात निम्मा बर्फ असतो, म्हणून ‘बर्फ कमी’ सांगायचं. टॉनिक घातलेली एस्प्रेसो उन्हाळ्यात छान. शहाळ्याच्या पाण्यातली कॉफी मला अजून समजलेली नाही. कास्करा कॉफीच्या फळाच्या वाळलेल्या सालीचा काढा असतो. कॉफीची चव अपेक्षू नका, चिंचेच्या-मनुकांच्या अंगाने जाते. आणि त्यातही कॅफिन असतं, संध्याकाळी घेताना लक्षात ठेवा.

राहिला टोस्ट. लोफचे चौदा तुकडे धरले तर एक सत्तावीस रुपयांचा. दोन तुकड्यांच्या टोस्टमधला पाव चोपन्न रुपयांचा, वर अर्धं अव्होकाडो, थोड्या बिया, लिंबू. आणि ४५०. टेबल, ताटली आणि फोटो यांचे पैसे आहेत ते. तासभर निवांत बसून बोलायचं असेल तर जरूर द्या, मुंबईत तासभराची जागा फुकट मिळत नाही. पण पावाची चव बघायची म्हणून टोस्ट मागवू नका. साधा पाव, वर लोणी, एवढंच सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी दीडशे-दोनशेत होतं, फळ्यावर नसलं तरी.

बिल हातात आलं की दोन मिनिटं वाचा. टेबलावर खाल्लेल्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. पावावर, पाव म्हणून विकला तर, जीएसटी नाही. त्यामुळे घरी न्यायच्या लोफवरही पाच टक्के लागलेले दिसले तर तो वेगळ्या बिलात करून मागा. केक-पेस्ट्रीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ ऐवजी पाच टक्के आहे. जुन्या दराचं बिल कुणी दिलं तर दाखवून द्या. बिस्किटांच्या किंवा कॉफीच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर तीत सर्व कर आलेले असतात, वर जीएसटी लावता येत नाही. काही छोट्या बेकऱ्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून कर घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं.

‘सर्व्हिस चार्ज’ ही वेगळी बाब. वरच्या १२४० वर दहा टक्के लावला तर १२४ आणि त्यावर पुन्हा जीएसटी, मिळून १३० रुपये वाढतात. तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगा, बहुतेक वेळा हुज्जत न घालता काढतात. नाहीच काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, त्यासाठी बिल जपून ठेवा. त्याच बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे.

पाणी मागताना ‘साधं’ हा शब्द आधी उच्चारा. काचेच्या बाटलीचं पाणी शंभराच्या आसपास पडतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर बसून खायच्या ठिकाणी बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, तेव्हा वाद घालून उपयोग नाही. अॅपवरून मागवायचा विचार असेल तर क्रोसाँ आणि कॉफी सोडून द्या, दोन्ही रस्त्यातच मरतात. लोफ चालतो, फक्त अॅपवरचा भाव आणि दुकानातला भाव ताडून बघा.

लोफ घरी आणल्यावर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. त्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. गरम असेल तर तासभर तसाच राहू द्या, गरम कापला तर आतला गर चिकट होतो. कापडात गुंडाळून, कापलेली बाजू खाली करून कट्ट्यावर ठेवला तर दोन-तीन दिवस छान राहतो. जास्त टिकवायचा असेल तर पहिल्याच दिवशी तुकडे करून फ्रीजरमध्ये. हवा तेव्हा एक काढून थेट तव्यावर. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघू नका, बुरशी धरते. उरलेल्या कडक कडांचा फोडणीचा पाव करा, कांदा-मिरची-मोहरीवर. सावरडो त्यात लगदा होत नाही, आणि आंबटपणामुळे लिंबूही कमी लागतं.

दर आठवड्याला लोफ लागू लागला की घरी करण्याचा विचार येतोच. काही बेकऱ्या मागितलं तर चमचाभर खमीर फुकट देतात. पीठ चाळीसचं, दोन हजार वॅटचा ओव्हन सव्वा तास चालला तर अडीच युनिट वीज, वीस-पंचवीस रुपये. म्हणजे ३८० चा लोफ पासष्टमध्ये, पण त्यासाठी आदल्या दुपारपासून घरात कुणीतरी हवं. ओव्हन २३० अंशांपर्यंत तापत नसेल तर या भानगडीत पडू नका, साल कडक होणार नाही.